जुन्या हॅचबॅकला अलॉय लावण्याआधी: मल्टीमीटर, कम्प्रेशन गेज आणि पत्रा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वीस वर्षं जुनी १३०० सीसी पेट्रोल हॅचबॅक घेतलीस, तू तिसरा मालक, मीटरवर १,४०,००० किलोमीटर आणि आधीच्या मालकांकडून सर्व्हिसचा एकही कागद मिळाला नाही. सिग्नलला उभी राहिली की टेम्परेचरचा काटा चढतो आणि चालायला लागली की उतरतो, आयडलला सगळी केबिन थरथरते, पिकअप नाही, ८०-९० ला स्टिअरिंग हलतं आणि हेडलाइट पिवळट पडलेत. आणि याच महिन्यात तुला १५ इंची अलॉय, लोअरिंग स्प्रिंग, ओपन फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर लावायचाय, तर सुरुवात कशाने करू, आणि मुळात या गाडीवर खर्च करावा का. काका म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतोय.

मी २६ वर्षं छोट्या गाड्यांचंच काम करतोय आणि माझी स्वतःची हॅचबॅक आता २४ वर्षांची आहे, ११ वर्षांची असताना घेतलेली, अजून रोज चालते. त्या जोरावर सांगतो, सुरुवात मोजण्यापासून कर. जुन्या गाडीत पैसे जातात ते पार्ट महाग असतात म्हणून नाही जात, अंदाजाने चुकीचे पार्ट बदलले जातात म्हणून जातात. तू लिहिलेल्या पाचही तक्रारींना लोक "गाडी जुनी झाली" एवढं एकच उत्तर देतील, पण माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच गोष्टी एखादं रबर, एखादं गंजलेलं कनेक्शन किंवा वर्षानुवर्षं न बदललेलं तेलपाणी एवढ्यावर येऊन थांबतात. एक साधा मल्टीमीटर, एक कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा), एक टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आणि उचललेली गाडी टेकवायला दोन चांगल्या घोड्या, अलॉयच्या आधी एवढं घे.

एकच गोष्ट न मोजता बदलायची, ती म्हणजे टायमिंग बेल्ट. आधी बघ तुझ्या इंजिनला बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल आणि कधी बदलला त्याचा पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चालायचं. बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसा नुसत्या वर्षांनीपण म्हातारा होतो, रबर कडक होतं, दातांच्या मुळाशी बारीक तडे जातात, आणि वरून बघून सगळं छान दिसतं. बऱ्याच छोट्या इंजिनांमध्ये व्हॉल्व आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, बेल्ट तुटला की त्यांची टक्कर, आणि मग हेड उतरवण्याशिवाय इलाज नाही. बदलताना टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोपण सोबतच बदल, कारण मजुरी सगळी तिथपर्यंत पोचण्याचीच असते. कॅम आणि क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही आत्ताच, नवीन बेल्टवर तेल पडलं तर तो नवीन राहत नाही.

आता पिकअप. फिल्टर, सायलेन्सर, सगळं नंतर, आधी इंजिनात दम किती आहे ते बघ. इंजिन नीट गरम कर, चारही प्लग काढ, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचं कनेक्टर काढून ठेव म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही बंद, गेज एका भोकात बसव, दुसऱ्या कुणालातरी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांग आणि स्टार्टर मार, काटा पाच-सहा झटक्यांत जिथे थांबतो तो आकडा लिहून घे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असणं फार महत्त्वाचं, थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनसुद्धा मेलेलं वाटतं, मी हे एका चांगल्या शिकलेल्या मेकॅनिककडून झालेलं पाहिलंय आणि त्या गाडीचं इंजिन विनाकारण उघडलं गेलं. साधारण पेट्रोल इंजिनला १५० ते १९० पीएसआयच्या आसपास आकडे येतात, तुझ्या इंजिनचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल, पण आकड्यापेक्षाही चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का हे जास्त बघायचं, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मार. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा झिजल्यात, तेवढाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आणि व्हॉल्व क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधला गॅप, हाताने सेट करायचा प्रकार असेल तर घाबरण्याआधी तो तपास, एक्झॉस्टचा गॅप वर्षानुवर्षांनी कमी होत जातो, व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन गळतं, आणि नुसत्या फीलर गेजने गॅप लावला की इंजिन परत उभं राहतं.

प्लग काढलेच आहेस तर त्यांचे रंग बघ. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलसर तेलकट काळा म्हणजे तेल आत येतंय. चारही काजळलेले असतील तर कूलंट टेम्परेचर सेन्सरवर संशय घे, तो खराब झाला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कम्प्युटरला, इंजिन कायम थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो, मग पिकअप जातो आणि अ‍ॅव्हरेजही. हा तपासायची सोपी युक्ती आहे, साधा स्कॅनर लागत असेल तर सकाळी गाडी चालू करायच्या आधी फक्त चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर वाच. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखीच असायला हवीत. एक ३० दाखवतोय आणि दुसरा ५ दाखवतोय तर चोर सापडला.

सिग्नलला गरम होणं आणि चालताना थंड होणं, हे तू नेमकं लिहिलंस ते फार बरं केलंस कारण निम्मं निदान तिथेच झालं. चालताना समोरून वारा मिळतो, उभी असताना फॅन तो देतो. उभ्यानेच तापतेय म्हणजे आधी फॅन, त्याचा रिले, त्याचा स्विच, आणि रेडिएटरच्या जाळीत पुढून बसलेला कचरा बघ. उलटं असतं, म्हणजे वेगात तापते आणि शहरात ठीक, तर मी रेडिएटर आतून चोक आहे का आणि वॉटर पंपाची पाती खाल्ली गेलीत का ते बघितलं असतं. रेडिएटरवर दोन वायरींचा टेम्परेचर स्विच असेल तर त्याचं कनेक्टर काढून दोन टोकं एका वायरीने जोड, फॅन लगेच फिरला तर मोटर आणि रिले चांगले आणि स्विच खराब. ईसीयूच फॅन चालवत असेल तर रिलेपाशी तपासावं लागेल.

थर्मोस्टॅट काढून टाका म्हणजे गाडी तापणारच नाही, असा सल्ला तुला कुणीतरी देईल. ऐकू नकोस. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, ईसीयू पेट्रोल जास्त देत राहतो, तेलातली वाफ उडून जात नाही आणि आत चिकट गाळ जमतो, सिलिंडरची झीज वाढते ती वेगळीच. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकव, तळाला टेकू देऊ नकोस, बाजूला थर्मामीटर, आणि पाणी तापव. त्याच्या पत्र्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागलाच पाहिजे. आणि रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघतच नाही. ते झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं, बाहेर पडतं, आणि सगळे हेड गॅस्केटच्या नावाने बोट दाखवतात. आधी झाकण. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं, भरताना हीटर फुल गरमवर ठेव आणि गाडीचं नाक जरा वर, म्हणजे आतली हवा निघते. गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही, कधीच नाही, मी चेहरा भाजलेला माणूस पाहिलाय.

आता अर्थिंग, आणि इथे जरा थांबतो कारण हेडलाइट पिवळे आहेत असं तू शेवटी सहज लिहिलंस पण मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. माझ्या गाडीचं सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती सकाळी स्टार्टर जड मारायला लागली, हेडलाइट मंद, आणि क्लच हळूहळू कडक होत गेला. मी तेव्हा दोन महिने बाहेर होतो आणि घरच्यांनी एका वर्कशॉपला दिली, त्यांनी आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर खोलला, मग म्हणाले क्लच प्लेट संपली. परत आलो, बोनेट उघडून भावाला स्टार्टर मारायला सांगितला आणि माझा हात सहज क्लचच्या केबलला लागला तर ती गरम होती. स्टीलची केबल, नुसती पेडल ओढणारी, ती गरम कशी होईल? मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या मोकळ्या धातूवर ठेवली, परत स्टार्टर मारला, १.९ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर येता कामा नये. गिअरबॉक्सच्या खाली एक विणलेली तांब्याची पट्टी असते, ती बॉडीला आणि गिअरबॉक्सला जोडते, स्टार्टरचा सगळा करंट परत जातो तो तिथून. तिचा बोल्ट काढला तर खाली हिरवी पूड, आणि पट्टीच्या दहा तारांतल्या दोन-तीनच शिल्लक. करंटला वाट हवीच असते, ती त्याला क्लचच्या केबलमधून मिळाली, केबल तापून तापून आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलं आणि म्हणून क्लच कडक. पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकाकेपर्यंत घासल्या, नवी पट्टी, नवी केबल, वरून ग्रीस. रीडिंग ०.१. क्लच प्लेट अजून पुढे चार वर्षं चालली.

तेव्हा हीच टेस्ट तू कर, स्टार्टर मारताना निगेटिव्ह खांब ते ब्लॉक, आणि मग निगेटिव्ह खांब ते बॉडीचा पत्रा. बॅटरी बंद गाडीत १२.६ च्या आसपास आणि चालू इंजिनला १३.८ ते १४.४ हवी. मग हेडलाइट चालू करून बल्बच्या मागे, थेट पिनांवर व्होल्टेज बघ. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फारच झपाट्याने पडतो, व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड जवळपास ३० टक्के कमी. जुन्या गाड्यांमध्ये कितीतरी वेळा हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, बारीक वायर, जळके कॉन्टॅक्ट. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, दोन रिले, आणि जुना स्विच फक्त रिलेला हुकूम देणार, एवढं केलंस की त्याच वॉटच्या बल्बमध्ये रस्ता दिसायला लागेल. मोठ्या वॉटचे बल्ब टाकू नकोस, होल्डर वितळतात. माझ्या मते जुन्या गाडीतलं पहिलं मॉडिफिकेशन हेच असावं.

केबिनच्या थरथरीसाठी थोडं मागे जावं लागेल. १९५९ च्या मिनी या छोट्या गाडीत तिचा डिझायनर अलेक इसिगोनिसने इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवली, पण गिअरबॉक्स इंजिनखाली तेलाच्या टबमध्ये घातला होता, दोघांना तेल एकच. इंजिनच्या शेपटीला गिअरबॉक्स लावून दोन्ही आडवे बसवायची मांडणी फियाटचा इंजिनिअर दान्ते जियाकोझाची, १९६४ ची ऑटोबियांकी प्रिमुला आणि मग १९६९ ची फियाट १२८, आणि तुझ्या बोनेटखाली बहुतेक तीच आहे. या मांडणीत गाडी ओढताना इंजिन मागे-पुढे झुलायला बघतं आणि तो झोका दोन-तीन माउंटिंग आणि खालच्या एका टॉर्क माउंटिंगवर येतो. वीस वर्षांनी त्यातलं रबर फाटलेलं असतं किंवा दगड झालेलं असतं. बोनेट उघडं ठेव, हँडब्रेक ओढ, कुणालातरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला सांग आणि बाजूला उभं राहून बघ, समोर नाही, इंजिन दोन-तीन बोटांपेक्षा जास्त उडालं तर माउंटिंग गेलंय. रबराचंच मूळ दर्जाचं माउंटिंग घे. पॉलियुरेथेनचं टिकतं खरं पण आयडलला अशी थरथर आणतं की तुझी तक्रार दुप्पट होईल.

थरथर मिसफायरमुळेपण असू शकते. तो शोधायला चालू इंजिनवर प्लगची वायर ओढू नकोस, स्पार्क जायला जागा नाही मिळाली की कॉइल नाहीतर इग्निशन मॉड्यूल जातं. त्यापेक्षा एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढ. ज्याचं काढल्यावर आयडलमध्ये काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या सगळ्या एकदा हाताने वाकवून बघ, वाकवल्यावर तडे दिसतील त्या सगळ्या बदल.

८०-९० ला स्टिअरिंग हलणं, आधी बॅलन्सिंग. त्याने गेलं नाही तर टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, सहा वर्षांच्या पुढे दर वर्षी नीट तपास आणि दहाच्या पुढे वापरूच नको. फक्त ब्रेक मारल्यावर हलत असेल तर डिस्क, फक्त जोर लावताना हलत असेल तर आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. मग चाक उचलून घोडीवर गाडी ठेव, नुसत्या जॅकवर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आणि चाक घड्याळाच्या ३ आणि ९ वर धरून हलव, खटखट आली तर टाय रॉड एंड, १२ आणि ६ वर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

लोअर आर्मचे, म्हणजे चाक बॉडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश तुला नक्की बदलावे लागतील, आणि इथे एक चूक इतक्या ठिकाणी होते की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रबराचा बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी उचललेली, चाकं लटकलेली, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि आयुष्यभर तसंच राहतं, थोड्याच महिन्यांत फाटतं, आणि मग लोक पार्टला नकली म्हणतात. बोल्ट हाताने लाव, गाडी चाकांवर खाली घे, थोडी हलवून बसू दे, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचा आवळ. तू स्वतः तिथे उभा राहून हे करून घे.

ब्रेकचं थोडक्यात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ चं नवं असताना उकळण्याचं टेम्परेचर किमान २३० अंश आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतं, म्हणजे लांब उतारावर पेडल स्पंजसारखं खाली जाणं. दर दोन वर्षांनी बदल. कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करून योग्य ग्रीस लाव, जाम पिनमुळे एकच पॅड झिजतं. मागचे ड्रम उघडून सिलिंडर ओले आहेत का बघ. गिअरबॉक्स ऑइल बदलशील तेव्हा पुस्तकात जीएल ४ लिहिलं असेल तर जीएल ४ च टाक, "वरचा ग्रेड आहे" म्हणून जीएल ५ टाकलं तर पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही आणि गिअर अडकायला लागतात.

आता तुझी यादी.

१५ इंची अलॉय. तुझी मूळ साइज १५५/८० आर १३ लिहिली आहेस, तिचा पूर्ण व्यास काढ: १५५ च्या ८० टक्के म्हणजे १२४, दुप्पट २४८, अधिक १३ इंचाचे ३३०.२, एकूण ५७८.२ मिलिमीटर. १७५/६५ आर १४ चा ५८३.१ येतो, म्हणजे एक टक्कासुद्धा फरक नाही. १८५/५५ आर १५ चा ५८४.५, तोही बसतो. पण १९५/४५ आर १५, जो स्वस्तात जुना मिळतोय असं लिहिलंस, त्याचा ५५६.५ येतो, जवळपास पावणेचार टक्के लहान, गाडी अकरा मिलिमीटर खाली, स्पीडोमीटर चुकणार आणि खड्ड्यात रिम वाकणार. मी असतो तर १४ वर थांबलो असतो. छोट्या इंजिनला चाकाचं वजन लगेच जाणवतं, आणि टायरची भिंत उंच असली की जुन्या बुशांना आणि शॉकअपला आराम मिळतो. घेताना बोल्टांचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते) तिन्ही जुळव. ४ बाय १०० च्या हबवर ४ बाय ९८ चं चाक ओढून बसवतात, हा गुन्हा आहे, बोल्ट तिरके बसतात. मधलं भोक मोठं असेल तर सेंटरिंग रिंग लाव नाहीतर स्टिअरिंग परत हलेल आणि तू परत बॅलन्सिंग करत बसशील. ऑफसेट फार कमी घेतलास, म्हणजे चाक बाहेर आलं, की स्टिअरिंग खड्ड्यागणिक हातातून ओढलं जातं आणि बेअरिंगवर भार वाढतो. नट अलॉयचेच हवेत, कोन आणि गोल बैठक वेगवेगळी असते. लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर परत टॉर्क कर.

लोअरिंग स्प्रिंगला मी सरळ नाही म्हणेन, निदान पहिल्या वर्षी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाडीत लोअर आर्म मुळात जवळजवळ आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली केली की तो उलटा, चाकाकडे चढता होतो, रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि वळणात गाडी झुकायचा जोर उलट वाढतो. वर स्प्रिंग कडक असते म्हणून ते लपतं एवढंच. शिवाय शॉकअपचा रॉड बंप स्टॉपला टेकायला लागतो. करायचंच तर गाडी २० ते २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नकोस आणि त्या स्प्रिंगला जुळणारे शॉकअप घे, आणि स्प्रिंग कापून द्यायला कुणी तयार झाला तर तिथून निघ. तुला जी पकड हवी आहे ती नवे मूळ दर्जाचे शॉकअप, नवे टॉप माउंट, नवे बुश, अँटी रोल बारच्या नव्या लिंका, चांगले टायर आणि अलाइनमेंट यातच मिळेल, आणि मला वाटतं ती गाडी पहिल्यांदा तशी चालवशील तेव्हा तू स्प्रिंगचं नावच काढणार नाहीस.

ओपन फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ३० अंश असताना इंजिनजवळची ६० असते, हवा तेवढ्याने साधारण ९ टक्के विरळ, म्हणजे आवाज वाढला आणि दम कमी झाला. मूळ फिल्टरचा डबा हेडलाइटच्या मागून थंड हवा घेतो. तुझ्या गाडीत तो घेणारा पाइप जागेवर आहे का हे आधी बघ, जुन्या गाड्यांत पुढच्या अपघाताच्या कामात तो निघतो आणि परत लागतच नाही. तो मिळवून लाव. फ्री फ्लोने १३०० सीसीला मिळणारा फरक कानाला जास्त आणि चाकाला कमी, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस. त्याऐवजी गिअर लिव्हरच्या लिंकेजचे छोटे बुश बदल. बोटाएवढे प्लास्टिकचे तुकडे आहेत, पण गिअर टाकताना हाताला जी नेमकी खटक जाणवते तिचं सुख रोजचं आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, या गाडीवर खर्च करावा का. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सगळं दुसरं मिळतं. बॉडी मात्र हीच चासी आहे, पत्रा गेला की गाडी गेली. म्हणून वरचं काहीही करण्याआधी या रविवारी एक तास पत्र्याला दे. कारपेट उचल आणि खालचा फेल्ट हाताने दाब, ओला असेल तर पाणी कुठून येतं ते शोध, बहुतेक वेळा काचेखालच्या खोबणीत पानं अडकून निचरा बंद झालेला असतो. दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं असतात, ती तारेने मोकळी कर. जॅक लावायच्या जागा, दाराखालचे सिल आणि बोनेटमधले स्ट्रटचे घुमट, या ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा, चांगला पत्रा टणक वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज देतो. अंडरकोटिंगचा जाड थर ताजा दिसला तर जास्त ठोक, त्याखाली पुटी असू शकते, चुंबक लावून बघ. सिल आणि घुमट चांगले निघाले तर ही गाडी ठेव, आतल्या पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स मारून घे. घुमटाभोवती किंवा लोअर आर्म जिथे बॉडीला लागतो तिथे पत्रा कुजला असेल तर मी सांगेन की बेल्टसुद्धा बदलू नकोस, दुसरी शोध.

पत्रा बरा निघाला की मला एवढंच लिहून पाठव: चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, तेल टाकून आणि न टाकता, स्टार्टर मारतानाचा ब्लॉकपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप, आणि सकाळच्या थंड इंजिनवरची दोन्ही टेम्परेचर. टायमिंगचं कव्हर उघडेलच तेव्हा टॅपेट कव्हरपण काढून व्हॉल्व क्लिअरन्स लावून घ्यायचा का, ते त्या आकड्यांवरून सांगतो.